फुगलेला डबा बदलून घेऊ नका

गणपती तोंडावर आले आहेत. ताजा आंबा जूनमध्येच संपला. त्यामुळे आता आंबा मोदक, आंबा बर्फी, आम्रखंड आणि मंडळांच्या महाप्रसादातला आमरस, सगळं डब्यातल्या रसावर चालणार. किराणा दुकानांत ८५० ग्रॅमच्या डब्यांच्या रांगा लागतील. केटरर आणि मिठाईवाल्यांच्या कोठ्यांत ३.१ किलोचे मोठे डबे खोक्यांनी येऊन पडतील. म्हणून आत्ताच हात जोडून विनंती करतो. यातला एखादा डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीपाशी चिकट झालेला निघाला, तर तो दुकानदाराकडे नेऊन बदलून घेऊ नका. कचऱ्यातही टाकू नका. न उघडता बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. तो डबा सरकारच्या ताब्यात गेला पाहिजे, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच बॅचचे दुकानातले, गोदामातले डबे तपासले गेले पाहिजेत.

बदलून घेण्यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. दुकानदार ओळखीचा असतो, वर्षानुवर्षांचा. तो हुज्जत न घालता दुसरा डबा काढून देतो. वर म्हणतो, "ताई, कंपनीकडूनच तसा आला." बहुतेकदा ते खरंही असतं. आपला डबा तो काउंटरखालच्या 'डॅमेज'च्या खोक्यात टाकतो. पुढच्या फेरीला सेल्समन येतो, डॅमेज मोजतो, क्रेडिट नोट देतो. तुमचे पैसे मिटले, दुकानदाराचे मिटले, कंपनीच्या वहीत चार डबे तुटफूट म्हणून पडले. सगळे समाधानी. फक्त एक गोष्ट कुठेच नोंदली गेली नाही. हा डबा ज्या पाळीत, ज्या यंत्रावर बंद झाला, त्याच पाळीत त्याच यंत्रावर आणखी शेकड्यांनी डबे बंद झाले होते. ते या क्षणी कुणाच्या तरी फळीवर आहेत, आणि त्यांची शिवण कशी आहे हे तपासायला कुणालाही कारण मिळालेलं नाही.

डबा फुगतो कसा, हे एकदा नीट समजून घेतलं म्हणजे हा आग्रह कशासाठी ते कळेल. रस गरम भरतात, झाकण लावून कडा दुहेरी दुमडून बंद करतात आणि पुन्हा उकळत्या पाण्यातून काढतात. थंड झाल्यावर आत पोकळी धरते, म्हणून चांगल्या डब्याची दोन्ही तोंडं किंचित आत खेचलेली असतात. अंगठ्याने दाबून पाहा, काही हलता कामा नये. झाकण दाबल्यावर 'टक्' करून आत जात असेल, किंवा एका बाजूने दाबल्यावर दुसऱ्या बाजूने वर येत असेल, तर आत वायू धरू लागला आहे. दोन्ही तोंडं फुगून कडक झाली असतील आणि अंगठ्यालाही दाद देत नसतील, तर पुढे बोलायलाच नको. शिवणीतल्या केसाएवढ्या फटीतून जिवाणू किंवा यीस्ट आत गेलं असेल, नाहीतर मुळात उष्णता कमी पडली असेल. तिसरंही एक कारण असतं. आंबट रस पत्र्याला खाऊ लागला की हायड्रोजन तयार होतो. जुन्या, उन्हात तापलेल्या मालात हे जास्त घडतं. त्यात जिवाणू नसतीलही. पण यातलं कारण कोणतं, हे बाहेरून डबा पाहून ना तुम्ही सांगू शकता, ना मी, ना दुकानदार. ते प्रयोगशाळेचं काम.

म्हणूनच चाखून बघण्याचा मोह टाळा. आपल्या घरांतून ही सवय फार आहे: झाकण उघडायचं, वास घ्यायचा, बोटाला लावून जिभेवर टेकवायचं आणि "ठीक आहे गं, उकळून घे" म्हणायचं. आमरसात आंबटपणा पुरेसा असतो, त्यामुळे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू सहसा त्यात वाढत नाही. त्याला ४.६ च्या वरचा पीएच लागतो. पण डबाबंद माल म्हणजे काही एकटा आंबा नव्हे. मिठाच्या पाण्यातला कोवळा फणस, मश्रूम, बेबी कॉर्न, ऑलिव्ह हे कमी आंबट पदार्थ आता तालुक्याच्या गावीही मिळतात आणि लग्नाच्या 'लाइव्ह काउंटर'वर सर्रास दिसतात. त्यांना उकळतं पाणी पुरत नाही, दाबाखालची वाफ लागते. तिथे कसूर झाली तर जे विष तयार होतं त्याला ना चव असते ना वास. सगळे खराब डबे फुगतात असंही नाही. काही आत आंबतात आणि बाहेरून सपाटच राहतात. तरी फुगवटा ही आपल्याला डोळ्यांनी दिसणारी सगळ्यांत ठळक सूचना आहे. ती मिळूनही आपण नुसता डबा बदलून घेतो, हे मला सहन होत नाही.

एका देशाला हाच धडा फार महागात शिकावा लागला. त्याची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्या जप्तीच्या कायद्यामागचा विचार तिथे आधी कोर्टात घासून निघाला.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डबाबंद मालाचा धंदा अफाट वाढला होता, पण त्यावर देशभर लागू होईल असा कायदाच नव्हता. त्या काळी डब्याच्या झाकणाला वाफ जाण्यासाठी बारीक भोक ठेवत आणि शेवटी झाळण देऊन ते बुजवत. फुगलेले डबे परत आले की काही महाभाग त्यांना दुसरं भोक पाडून वायू सोडत, पुन्हा उकळत आणि नव्याने झाळण देऊन बाजारात पाठवत. म्हणून जाणत्या गृहिणी झाकणावर झाळणाचे ठिपके मोजत. एक असेल तर घ्यावा, दोन असतील तर हात लावू नये. परत केलेला माल कुठे जातो, या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच मिळालेलं आहे.

कृषी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली हे वर्षानुवर्षं कायद्याच्या मागे लागले होते. १९०२ मध्ये त्यांनी बारा धडधाकट तरुणांना रोज जेवणातून त्या काळची अन्न टिकवण्याची रसायनं खाऊ घालून परिणाम नोंदवायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी या तुकडीचं नाव 'विषपथक' ठेवलं. पण कायदा एकट्या वायलींच्या प्रयोगांनी झाला नाही. देशभरातल्या महिला मंडळांनी तो लावून धरला. न्यू जर्सीतल्या अ‍ॅलिस लेकी या बाईंनी सभा घेतल्या, बायकांना पत्रं लिहायला बसवलं आणि लोकप्रतिनिधींना पत्रांनी हैराण केलं. १९०६ च्या सुरुवातीला अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या मांस कारखान्यांवरची कादंबरी आली आणि लोकांचा संताप उसळला. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सही केली आणि १ जानेवारी १९०७ पासून शुद्ध अन्न व औषधांचा कायदा अमलात आला.

या कायद्यात भेसळीची व्याख्या करताना एक कलम असं घातलं, की पदार्थ पूर्णपणे किंवा अंशतः घाणेरडा, कुजलेला किंवा सडलेला असेल तर तो भेसळयुक्तच समजावा. त्यात विष मिसळलंय, कुणी आजारी पडलंय, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. सडकं फळ डब्यात भरलं, एवढं पुरे. दुसरं कलम जप्तीचं. सरकारी वकील जिल्हा न्यायालयात अर्ज करी, मार्शल जाऊन माल ताब्यात घेई आणि खटला थेट त्या मालावरच चाले. जहाजावरचा बेकायदा माल जप्त करायची जुनी रीत त्यांनी अन्नाला लावली. त्यामुळे खटल्यांची नावं मोठी गमतीची होत. कोका-कोलावरचा १९१६ मधला सर्वोच्च न्यायालयातला निकाल 'संयुक्त संस्थाने विरुद्ध कोका-कोलाची चाळीस पिंपं आणि वीस लहान पिंपं' अशा नावाने नोंदलेला आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात पिंपं! पण यातली हुशारी बघा. मालक कोण, त्याला माहीत होतं की नव्हतं, तो या राज्यात आहे की त्या, या वादात वर्षं गेली तरी चालतील. माल मात्र तोवर कुणाच्या पोटात जात नाही.

मालकांनी पळवाटा शोधल्याच. त्यातली एक फार ओळखीची वाटेल. मिझुरीतल्या सेंट लुइसहून टिकवलेल्या अख्ख्या अंड्यांचे पन्नास डबे इलिनॉयमधल्या पिओरिया गावच्या एका बेकरीत गेले. ते टिकावेत म्हणून आत बोरिक आम्ल घातलेलं होतं. सरकारने ते बेकरीच्या कोठीतूनच जप्त केले. कंपनीचं म्हणणं असं: माल पोहोचला, प्रवास संपला, शिवाय हे डबे विक्रीचे नाहीत, केक-बिस्किटांत वापरायचे आहेत, तेव्हा केंद्राच्या कायद्याचा इथे संबंध काय? १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद झिडकारला. अशा मालाला व्यापारात जागाच नाही, तो जिथे सापडेल तिथे धरावा, असा निकालाचा रोख होता. "आम्ही डबे विकत नाही हो, स्वयंपाकात वापरतो," हे वाक्य मी केटररच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की हा निकाल मराठीत छापून त्यांच्या कोठीत टांगावासा वाटतो. आपल्या कायद्यातही केटरिंग हा अन्नव्यवसायच आहे, आणि त्याची कोठी तपासायचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे.

पुढची अडचण खरी शास्त्राची होती. सडकं फळ अख्खं असताना कुणालाही ओळखता येतं. त्याचा रस काढून, गाळून, मसाला घालून आटवला की ओळखणार कसं? टोमॅटोच्या गराचे आणि केचपचे कारखाने याच आडोशाला होते. कॅनिंगच्या हंगामात उरलेला, फुटलेला, बुरशी धरलेला टोमॅटो गरात जाई, आणि साखर-व्हिनेगरपुढे जिभेला काही कळत नसे. रसायन विभागातले सूक्ष्मदर्शकाचे तज्ज्ञ बर्टन हॉवर्ड यांनी १९११ मध्ये तोडगा काढला. गराचा थेंब विशिष्ट मापाच्या काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक क्षेत्र तपासायचं आणि किती क्षेत्रांत बुरशीचे धागे दिसतात ते मोजायचं. बुरशी उकळून मरते, पण तिचे धागे उरतात. सडका भाग कापून टाकलेला असेल तर धागे कमी दिसतात, तसाच रगडला असेल तर भरपूर. या मोजणीच्या जोरावर टोमॅटोच्या मालाच्या जप्त्या न्यायालयात टिकू लागल्या. हॉवर्डची पद्धत आजही चालू आहे, आपल्याकडच्या टोमॅटो उत्पादनांच्या मानकांतही बुरशीच्या मोजणीची मर्यादा दिलेली आहे. कोकणातल्या कारखानदारांना यातलं सगळं ठाऊक असतं. डागी आंबा आणि सडका आंबा यांतला फरक त्यांच्याकडे निवडायला बसणाऱ्या बायका डोळे मिटून सांगतील. सालीवर डाग असलेला आंबा कॅनिंगला गेला म्हणून काही बिघडत नाही. देठाकडून काळा पडून पाणी सुटलेला आंबा मात्र पट्ट्यावरून पुढे जाता कामा नये.

आणि आता ऑलिव्हची हकिगत. ऑगस्ट १९१९. ओहायो राज्यातलं कॅन्टन गाव, गावाबाहेरच्या क्लबात मेजवानी. टेबलावर कॅलिफोर्नियाहून आलेली पिकलेली काळी ऑलिव्ह. ती खाल्लेल्यांपैकी १४ जण आजारी पडले आणि त्यातले ७ मेले. कारण ऑलिव्हच, हे तपासात निष्पन्न झालं. हिरवी, मुरवलेली ऑलिव्ह आंबट असतात. काळी मात्र क्षाराच्या पाण्यातून काढतात, त्यांचा आंबटपणा नावापुरता उरतो. शिवाय माल दिसायला छान दिसावा म्हणून कारखाने ती पत्र्याऐवजी काचेच्या बरण्यांत भरू लागले होते. काच तडकेल म्हणून उष्णता बेताची देत. बोट्युलिझमच्या जिवाणूला आणखी काय हवं?

कॅन्टननंतर देशभरचा माल त्याच दिवशी थांबला असता, तर ही एका गावाची दुर्घटना म्हणून विसरली गेली असती. तसं झालं नाही. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटला माणसं मेली. जानेवारी १९२० मध्ये मेम्फिसला आणि न्यूयॉर्कला. दर वेळी पिकलेली ऑलिव्हच. एका गावच्या डॉक्टरांना कळलेलं दुसऱ्या गावच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचलं नव्हतं. केंद्राच्या रसायन विभागाने १९०६ च्या कायद्याखाली ऑलिव्हच्या मालाची तपासणी आणि जप्ती जोरात चालवली, लोक ऑलिव्हच्या नावानेही दचकू लागले आणि कॅलिफोर्नियाचा धंदा बसला. मग कारखानदारांच्या संघटनेनेच संशोधनाला पैसा दिला. त्या राज्याच्या आरोग्य मंडळाने २४० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ११६ अंश सेल्सियसला, ४० मिनिटं उष्णता देण्याची सक्ती केली, आणि १९२५ मध्ये तिथे कारखान्यांच्या तपासणीचा स्वतंत्र कायदा झाला. प्रामाणिक कारखानदाराला कडक तपासणी जड जात नाही, हे तिथे पुन्हा एकदा दिसलं. १९३० मध्ये अमेरिकेत हलक्या दर्जाच्या डबाबंद मालावर 'दर्जा कमी, पण बेकायदा नाही' अशा अर्थाची चिठ्ठी सक्तीची झाली. तो बदलही कारखानदारांनीच मागून घेतला होता, कारण गाळ विकणाऱ्यांमुळे त्यांचा भाव पडत होता. रत्नागिरी-देवगडच्या नावावर चालणाऱ्या धंद्याने याचा विचार जरूर करावा.

आता आपल्याकडचं. आपला अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, फळ उत्पादनांचा आदेश (एफपीओ) १९५५ चा. जुन्या जॅमच्या बाटल्यांवरचा एफपीओचा शिक्का अनेकांना आठवत असेल. या दोन्हींची जागा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ने घेतली आणि तो ऑगस्ट २०११ पासून पुरता अमलात आला. जप्तीच्या बाबतीत हा कायदा अमेरिकेच्या त्या जुन्या कायद्यापेक्षा कागदावर तरी कडक आहे. तिथे आधी न्यायालयात जावं लागे. इथे ३८ व्या कलमाने अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेऊ शकतो आणि माल जप्त करू शकतो. नमुन्याचे चार भाग होतात, अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. असुरक्षित अन्नामुळे कुणाचा मृत्यू झाला तर किमान ७ वर्षांची कैद आणि किमान १० लाखांचा दंड आहे. सदोष माल बाजारातून परत बोलावण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. मुदत उलटलेला किंवा उत्पादक कोण हेच कळत नाही असा माल विकला, तर विकणाराही जबाबदार आहे.

मग अडतं कुठे? दर सणाला खवा आणि पनीर जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, डबाबंद फळांच्या जप्तीची बातमी क्वचितच दिसते. याचं एक कारण उघड आहे. खव्याचा ट्रक पहाटे नाक्यावर अडवता येतो. खराब डबा मात्र तुमच्या-माझ्या फडताळात असतो आणि तो आपल्याशिवाय कुणालाही दिसत नाही. अधिकारी मोजके, दुकानं गल्लोगल्ली. आपण कळवलं नाही तर त्यांना स्वप्न पडणार नाही.

तेव्हा खराब डबा हाती लागला की काय करायचं ते सांगतो. डबा उघडू नका, टोचू नका, हिंदकळवू नका. कडक फुगलेला डबा फुटूही शकतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. त्याआधी मोबाइलवर फोटो काढा: फुगवटा, लेबल, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, आणि केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी परवाना क्रमांक. बॅच क्रमांक बऱ्याचदा लेबलवर नसतो, झाकणावर शाईने छापलेला किंवा ठसा मारलेला असतो. तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण जप्ती त्याच्याच मागावर निघते. बिल सांभाळा. बिल घेतलंच नसेल तरी तक्रार करा, फक्त पुढच्या वेळी घ्या. मग महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गोव्यात आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी केंद्रीय प्राधिकरणाचा १८००११२१०० हा क्रमांक आहे. पैसे परत मिळवायचे असतील तर त्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण पैशांची तक्रार वेगळी आणि ही वेगळी, एकीत दुसरी बुडू देऊ नका.

आणखी एक हक्क फारसा कुणाला माहीत नाही. कायद्याच्या ४० व्या कलमानुसार कोणताही ग्राहक ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. माल कायद्याविरुद्ध निघाला तर फी परत मिळते. ग्राहक पंचायतींनी आणि महाविद्यालयांतल्या ग्राहक मंडळांनी या सणात प्रत्येक गावातून निदान एक असा नमुना द्यावा, अशी माझी त्यांना खास विनंती आहे.

खाऊन झाल्यावर संशय आला तर आधी दवाखाना, तक्रार नंतर. एकाच वस्तूच्या दोन दिसणं, पापण्या जड होऊन मिटणं, बोबडी वळणं, घास न गिळता येणं ही बोट्युलिझमची लक्षणं आहेत. ती बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात. गॅस झाला असेल म्हणून ओवा चावत बसू नका. डॉक्टरांना डब्यातलं खाल्ल्याचं आवर्जून सांगा आणि उरलेला पदार्थ फेकू नका.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, वर्गणीतून रस घेताना भाव पाहता, तसं खोकं उघडून प्रत्येक डबा हातात घेऊन पाहा. आचारी मोठे डबे कोयत्याने फोडून एका पातेल्यात ओततो. दहा चांगल्यांत एक वाईट मिसळला की पातेलं गेलं, आणि मग कुठल्या डब्यात काय होतं हे शोधणं मुश्कील होतं. रिकामे डबे महाप्रसादानंतर निदान दोन दिवस ठेवा. पुराचं पाणी दुकानांत शिरलेल्या गावांनी जास्त सावध राहावं. लेबल निघालेले, गंजलेले, पुसून चकचकीत केलेले डबे 'निम्म्या भावात' म्हणून रस्त्यावर येतात. ते घेऊ नका, आणि विकायला आलेत हेही कळवा.

बचत गटांच्या ताईंना एक सांगणं. आमरस, कोकम, लिंबू घरगुती रीतीने बाटलीबंद करता, ते करा. फणसाची कोवळी भाजी, मश्रूम किंवा मक्याचे दाणे मात्र नुसत्या उकळत्या पाण्यावर बाटलीबंद करून विकू नका. त्याला दाबाचं यंत्र आणि शिकलेला माणूस लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारा, सांगतील.

शेवटची विनंती प्रशासनाला. अमेरिकेच्या त्या १९०६ च्या कायद्यात निकाल लागलेल्या प्रकरणांचा तपशील छापून प्रसिद्ध करायची तरतूद होती. १९०८ पासून क्रमांक घालून अशी पत्रकं निघू लागली: माल कोणता, कुठून कुठे निघाला, त्यात काय सापडलं, न्यायालयाने काय केलं. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या सडक्या फळाच्या खोक्याचं काय झालं, हे आज कुणीही वाचू शकतो. आपल्या घराशेजारच्या दुकानातून गेल्या गणपतीत कोणत्या बॅचचे डबे उचलले, हे मात्र मला शोधूनही सापडत नाही. जप्त मालाचं नाव, बॅच आणि अहवालाचा निष्कर्ष मराठीत, जिल्हावार, आठवड्याच्या आत जाहीर करा. नमुना निर्दोष निघाला तर तेही तितक्याच ठळकपणे छापा, म्हणजे सचोटीच्या कारखानदारावर अन्याय होणार नाही.

आणि तुम्ही, वाचकहो, हे वाचून झाल्यावर उठा आणि फडताळातला प्रत्येक डबा अंगठ्याने दाबून पाहा. एखाद्याचं झाकण हललं, तर दुकानात जाऊ नका. १८००२२२३६५ ला फोन लावा.